गाडी कोण चालवत होतं

वैजयंती सबनीसने गाडी शिकायला घेतली तेव्हा तिला पन्नासावं लागलं होतं, आणि घरातल्यांनी ती गोष्ट हसण्यावारी नेली होती. सहकारी बँकेतून तिने मुदतीआधी निवृत्ती घेतली, हातात आलेल्या पैशांतून एक छोटी पांढरी गाडी घेतली आणि कागदावर स्वतःचं नाव लावलं. नेरूळचा फ्लॅट नवऱ्याच्या, सुभाषच्या नावावर होता. गावाकडची जमीन दिरांच्या. गाडी मात्र तिची. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण पार्किंगमध्ये उतरताना किल्ली मुठीत धरायची तिची एक पद्धत होती, ती बघणाऱ्याला कळायची.

चालवायची मात्र अगदी बेताने. पिवळा दिवा दिसला की थांबणार, वळायचं असलं की शंभर पावलं आधीपासून इंडिकेटर. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, तुझ्या गाडीत बसलं की वरातीत बसल्यासारखं वाटतं. ती हसून सोडून द्यायची. पाम बीच रोडवर तिला ओलांडून जाताना पोरं हॉर्न मारून शिव्या द्यायची, त्याचंही तिला काही वाटत नसे. सहा वर्षांत तिच्या गाडीला कुणाचं नख लागलं नव्हतं.

गेले काही महिने ती शेजारच्या अख्तरुन्निसाला खारघरच्या हॉस्पिटलात नेत होती. अख्तरुन्निसा मूळची श्रीवर्धनकडची, नवऱ्याचा, हारुनभाईंचा, वाशीत सुक्यामेव्याचा होलसेलचा धंदा. एकुलता मुलगा शाहिद कतारला. दोन्ही घरांचे दरवाजे समोरासमोर. शीरखुर्मा आणि पुरणपोळ्या अठरा वर्षं इकडून तिकडे जात होत्या. अख्तरुन्निसाच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमोत केस गेले, आणि पुढे रेडिएशनसाठी रोज मशीनखाली झोपायचे दिवस यायचे होते. हारुनभाईंना काचबिंदू, गाडी त्यांनी केव्हाच सोडली होती. "टॅक्सीवाले पोटातलं पाणी ढवळून काढतात गं," अख्तरुन्निसा म्हणायची. "तुझ्या गाडीत मला झोप लागते." याहून मोठी शाबासकी वैजयंतीला आयुष्यात कुणी दिली नव्हती.

भानगड कळली ती विमा नूतनीकरणाच्या वेळी. त्यांचा विमा एजंट केयूर, हसतमुख पोरगा, कागद घेऊन घरी आला आणि चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाला, "मॅडम, तुम्ही गुजरातला फार जाता वाटतं?"

"मी? मी तर वाशीच्या पुलापलीकडे गाडी नेलेली नाही."

"मग ही चलनं कोणाची? वापी, अंकलेश्वर, भरूच, सगळी हायवेची. सगळी ओव्हरस्पीड." त्याने मोबाइल तिच्यासमोर धरला. "भरलेली पण नाहीत."

वैजयंतीने बघितलं. गाडीचा नंबर तिचा. वेग एकशे अठ्ठावीस, एकशे छत्तीस. फोटोत पांढरा ठिपका आणि आत कोण आहे ते दिसत नव्हतं. पण तिला दिसायची गरज नव्हती. तिचा मुलगा ऋषी एका मशिनरी कंपनीत सर्व्हिस इंजिनीअर होता, गुजरातेतल्या कारखान्यांत मशीन दुरुस्तीला जायचा. कंपनी प्रवासखर्च रोख द्यायची, म्हणून तो आईची गाडी न्यायचा. "आई, शनिवार-रविवार तुला तशी लागत नाही ना?" एवढंच विचारायचा. आणि गाडीच्या नोंदणीत मोबाइल नंबर त्याचा होता, कारण ते ऑनलाइन काय असेल ते त्यानेच भरलं होतं. चलनाचे मेसेज त्यालाच जायचे.

"ह्याचा विम्यावर परिणाम होतो का रे?" तिने विचारलं.

"प्रीमियमला अजून जोडलेलं नाही, पण जोडणार जोडणार म्हणतात. पण मॅडम, प्रीमियमचं सोडा." केयूरने कप खाली ठेवला. "पूर्वी दुसऱ्या राज्यातलं चलन म्हणजे कोण विचारत नव्हतं. आता सगळं एकाच ठिकाणी दिसतं. वर्षात पाच-सहा झाली की लायसन्स सस्पेंड करायला घेतात. आणि लायसन्स सस्पेंड असताना गाडी ठोकली, तर क्लेमचं नाव काढायचं नाही."

संध्याकाळी ऋषी आल्यावर तिने विचारलं. तो बूट काढत होता.

"अगं, दुसऱ्या स्टेटची चलनं आहेत ती. त्याला काय होतं? तिकडचा रस्ताच असा आहे, ऐंशीने चालवली तर मागचे ट्रकवाले चिरडतील."

"मला का नाही सांगितलंस?"

"टेन्शन घेतेस म्हणून." त्याने दंड त्याच रात्री भरून टाकला आणि विषय संपला असं त्याला वाटलं.

विषय संपला नव्हता. पंधरवड्यात आरटीओची नोटीस आली, वैजयंतीच्या नावाने. आपल्या वाहनाने वारंवार वेगमर्यादेचा भंग केला आहे. आपलं लायसन्स का निलंबित करू नये याचा खुलासा करावा. वाहन दुसरं कुणी चालवत असल्यास त्याचं नाव आणि लायसन्स नंबर द्यावा.

"दे ना त्याचं नाव," सुभाषने म्हणायला हवं होतं. निदान वैजयंतीची तशी अपेक्षा होती. सुभाष बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस, नियमावर बोट ठेवण्यात त्याची हयात गेली होती. पण त्याने नोटीस दोनदा वाचली, चष्मा काढला आणि ऋषीकडे बघितलं. ऋषी खाली मान घालून बसला होता.

मग तिला कळलं की त्या दोघांचं आधीच बोलणं झालंय.

ऋषीला कॅनडातल्या एका कंपनीची नोकरी मिळत होती. काम तेच, गाडी घेऊन गावोगाव मशीन दुरुस्तीला जायचं. पण त्या लोकांना गाडी चालवण्याचं रेकॉर्ड हवं होतं. इथल्या आरटीओचा दाखला, लायसन्सवर एकही डाग नसल्याचा.

"म्हणजे गाडी मी चालवत होते म्हणून सही करायची," वैजयंती म्हणाली.

"तीन महिन्यांचा प्रश्न आहे गं," सुभाष म्हणाला. "लायसन्स जप्त होईल, परत मिळेल. तुझ्या नावाला काय लागणारे? तुला काय कुठे नोकरी करायचीय? त्याचं अख्खं आयुष्य आहे पुढे."

"आणि भाभींना खारघरला कोण नेणार?"

"मी नेईन. माझं लायसन्स आहे ना चालू."

"तुम्हाला पार्किंगमधून काढता येत नाही."

"येईल. सवय होईल."

ऋषी तिच्याजवळ येऊन बसला. लहानपणी ताप आला की बसायचा तसा, खांद्याला खांदा लावून. "आई, प्लीज. तुला काय फरक पडतो?"

हा प्रश्न तो खरोखरच विचारत होता. त्याला उत्तर ठाऊक नव्हतं आणि असेल असंही त्याला वाटत नव्हतं. वैजयंतीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या मनात आलं, ह्याला सांगायचं तरी काय? की ह्या घरात एकच गोष्ट माझी मी शिकले?  तिच्या गप्प बसण्याचा त्या दोघांनी नेहमीसारखा होकार धरला.

आरटीओतल्या साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली. कागद बघितले, तिच्याकडे बघितलं, परत कागद बघितले.

"एकशे छत्तीस. तुम्ही चालवत होता?"

"हो."

"नक्की?"

बाहेर बाकावर ऋषी मोबाइलवर कुणाशी तरी बोलत होता. त्याचं हसणं आत ऐकू येत होतं. "नक्की," वैजयंती म्हणाली आणि सही केली.

साहेबांनी मान हलवली. "काकू, ह्या वयात हे शोभतं का? नातवंडं बघायचीत ना?"

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं माना वर करून बघायला लागली. कुणीतरी हसलं. वैजयंतीने पर्स उचलली. सहा वर्षं जिने पिवळा दिवा तोडला नव्हता, ती बाई तोंड लपवत बाहेर आली, आणि ऋषीने फोन कानाला लावल्या लावल्याच तिला अंगठा दाखवून 'झालं?' असं विचारलं.

महिन्याभराने तो गेला. विमानतळावर तिच्या पाया पडला, डोळ्यांत पाणी आणलं. ते खोटं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. त्याचाच तिला जास्त राग आला.

सुभाषने अख्तरुन्निसाला चार दिवस नेलं. पहिल्या दिवशी पार्किंगच्या खांबाला घासली, तिसऱ्या दिवशी उत्सव चौकात गाडी बंद पडली आणि मागून शिव्या बसल्या. पाचव्या दिवशी त्याच्या जुन्या कंत्राटदार मित्राचं सल्लागाराचं काम निघालं, पनवेलपलीकडे साइटवर. "आता माणूस बोलावतोय तर नाही कसं म्हणू?" मग टॅक्स्या सुरू झाल्या. वैजयंती सोबत जायची. अख्तरुन्निसा खिडकीशी डोकं टेकून डोळे मिटून बसायची, हातात प्लॅस्टिकची पिशवी. एकदा तिला गाडीत उलटी झाली म्हणून ड्रायव्हरने वर पैसे मागितले.

"तुझं लायसन्स का गं गेलं?" अख्तरुन्निसाने एकदा विचारलं.

"जुनी चलनं होती."

"गुजरातची?" ती डोळे न उघडता म्हणाली. "गाडी कोण न्यायचा ते मी गॅलरीतून बघत होते वैजयंती. बघितलेलं विसरते का कोण?" तिने हातातली पिशवी मुडपली. "ऋषीच्या जागी माझा शाहिद असता तर मी पण केली असती सही. मग आयुष्यभर त्याच्याशी नीट बोलले नसते."

ज्या दिवशी घडलं त्या दिवशी हारुनभाई श्रीवर्धनला जमिनीच्या कामासाठी गेले होते. मशीनची वेळ सकाळची. दोन टॅक्स्या बुक झाल्या आणि दोन्ही रद्द झाल्या. तिसरी मिळेना. रिक्षावाला खारघर ऐकून नाही म्हणाला. हॉस्पिटलात फोन केला तर तिथली बाई म्हणाली, आजची वेळ गेली तर सोमवारीच, मधे मशीनची देखभाल आहे. अख्तरुन्निसा सोसायटीच्या गेटपाशी वॉचमनच्या स्टुलावर बसली होती, स्कार्फ सरकलेला, चेहरा पिठासारखा. वैजयंतीने सुभाषला फोन लावला. त्याने उचलला नाही.

ती वर गेली आणि किल्ली घेऊन आली.

"नको," अख्तरुन्निसा म्हणाली.

"बस गं. वीस मिनिटांचा रस्ता."

गाडी सुरू झाली तशी वैजयंतीच्या हातांना जुनी ओळख पटली. पण प्रत्येक खाकी कपड्याकडे तिचं लक्ष जायला लागलं. पेट्रोल पंपावरचा पोऱ्या, कुरिअरवाला, शाळेचा शिपाई, सगळे तिला पोलीसच वाटत होते. पाम बीचला लागून ती करावे गावाच्या सिग्नलकडे आली आणि समोर बॅरिकेड दिसले. खरेच पोलीस होते. गाड्या बाजूला घेऊन कागद बघत होते.

 डावीकडे गावाकडे जाणारा रस्ता होता. आयुष्यात पहिल्यांदा तिने आरशात न बघता, इंडिकेटर न देता स्टिअरिंग फिरवलं.

आवाज मोठा झाला नाही. पत्र्याला पत्रा लागल्यासारखा. डाव्या बाजूने सरळ येणारी स्कूटर तिच्या दारावर आपटली आणि माणूस फुटपाथच्या कडेवर फेकला गेला. स्कूटरच्या पुढ्यातली पिशवी फाटली आणि तिच्यातल्या चिंबोऱ्या डांबरावर पसरल्या, नांग्या उचलून तिरक्या तिरक्या पळायला लागल्या. माणूस पाय धरून ओरडत होता. पाय गुडघ्याखाली नको तिकडे वळला होता.

वैजयंती उतरली आणि त्याच्यापाशी गुडघ्यावर बसली. "दादा, दादा, माझं चुकलं," एवढंच ती म्हणत राहिली. बॅरिकेडवरचे पोलीस धावत आले.

माणसाचं नाव गोटीराम. करावे गावचा, खाडीत जाळी टाकणारा. मामाकडचे, चुलत्यांकडचे, कुणाकुणाचे असा अर्धा गाव हॉस्पिटलच्या दारात जमला. त्याची बायको पुतळा वैजयंतीला बघून अंगावर धावून येईल असं सगळ्यांना वाटलं, पण ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, तुमी पलाल्या नाय, तितंच ऱ्हायल्या. आमाला तेवरं तरी समाधान हाय." वैजयंतीला त्यापेक्षा मार परवडला असता.

अख्तरुन्निसाचा त्या दिवसाचा उपचार बुडाला तो बुडालाच. 

संध्याकाळी सुभाष आला, मागोमाग केयूर. दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसले.

"मॅडम, एक सुचवू?" केयूरने आवाज खाली घेतला. "गाडी सर चालवत होते असं जबाबात येऊ दे. सरांचं लायसन्स चालू आहे. मग गाडीचा क्लेम पण होईल आणि त्या माणसाला पण कंपनी देईल. नाहीतर गाडीचं तर विसराच. त्या माणसाला कोर्ट सांगेल तेवढे पैसे कंपनी आधी देईल कदाचित, पण नंतर तुमच्याकडून वसूल करेल. आणि त्यात किती वर्षं जातील देव जाणे."

"पोलिसांनी मला बघितलंय."

"जबाब अजून झाला नाहीये. ते मी बघतो," सुभाष म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर साइटवरची धूळ होती आणि त्याला आपण मोठा त्याग करतोय असं वाटत होतं. "तू फक्त हो म्हण. मी घेतो माझ्या अंगावर."

वैजयंतीला वाटलं, ह्या घरात गाडी जो चालवतो तो कागदावर कधी येतच नाही.

गोटीरामचा भाऊ किसन दुसऱ्या दिवशी दाराशी आला. त्यालाही कुणीतरी, बहुधा वकिलाने, तेच पढवलं होतं. "बाय, सायब चालवत व्हते म्हना ना. तुमचं काय जातंय? कंपनी पैशे देल, आमचं बी भागंल. भावाला आता बोटीत उभं ऱ्हाता येनार नाय, डाकतर बोलला."

जो तो तिला खोटं बोलायची विनवणी करत होता, आणि प्रत्येकाकडे कारण होतं, आणि प्रत्येकाचं कारण खरं होतं.

अडचण एकच होती. गाडीत अख्तरुन्निसा होती. सुभाष समोरच्या दारात गेला. वैजयंती आतून ऐकत होती.

"हारुनभाई, भाभींना विचारलं तर एवढंच म्हणायचं की गाडी मी चालवत होतो."

 हारुनभाई सावकाश म्हणाले, "सुभाषभाई, तुमच्या बायकोचे आमच्यावर उपकार आहेत. तुम्ही म्हणाल तेवढे पैसे मी देतो त्या माणसाला. पण माझी बायको मरणाच्या दारातून परत येतेय. तिच्या तोंडून खोटी साक्ष नका काढू."

"साक्ष कसली, एक वाक्य—"

"तेच."

दार बंद झालं. आपटलं नाही, हळूच लागलं. पण अठरा वर्षांत ते दार सुभाषच्या तोंडावर कधी लागलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वैजयंती एकटी पोलीस ठाण्यात गेली आणि जबाब दिला. गाडी मी चालवत होते. वळताना चूक माझी झाली. लायसन्स निलंबित होतं हे मला माहीत होतं.

जबाब लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याने पेन थांबवलं. तरुण होता, ऋषीच्याच वयाचा. "मॅडम, तुमचं रेकॉर्ड बघितलं मी. गुजरातला एकशे अठ्ठावीस, एकशे छत्तीस. तुमच्याकडे बघून वाटत नाही."

"ती मी नव्हते." तिच्या तोंडून निघून गेलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं ते असं, कुणी न विचारता बाहेर पडलं. "ती गाडी माझा मुलगा चालवत होता."

"मग खुलाशावर सही कोणाची?"

"माझी."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आत्ता बोलताय?"

 अधिकारी वाट बघत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता. असली माणसं तो दिवसाकाठी पाच-पंचवीस बघत असावा. शेवटी त्याने खांदे उडवले. "ते आम्हाला इथे लागत नाही. हवं तर आरटीओला लिहून द्या, पण मग खोट्या खुलाशाचं प्रकरण तुमच्यावरच उलटेल आणि मुलाला बोलवावं लागेल. तिकडे सांगायचंय का?"

मुलाला बोलवावं लागेल. वैजयंतीने खिडकीबाहेर बघितलं. तिथे जप्त केलेल्या मोटारसायकलींचा ढीग गंजत पडला होता.

"नाही," ती म्हणाली.

विमा कंपनीचं पत्र महिन्याभरात आलं. चालकाकडे वैध लायसन्स नसल्यामुळे दावा नामंजूर. गोटीरामच्या वकिलाने दावा लावला, तारखा पडू लागल्या. वैजयंतीने त्या तारखांची वाट बघितली नाही. चेपलेलं दार तसंच ठेवून गाडी विकली, त्यात आपल्या ठेवीतले पैसे घातले आणि बसने करावे गावात गेली.

गोटीराम ओसरीवर बसला होता, पाय स्टुलावर, पायात सळ्या. पुतळाने पैसे घेतले, पदरात बांधले. पाणी विचारलं नाही. कुणीतरी त्यांना वैजयंतीचं रेकॉर्ड सांगितलं असावं, कारण गोटीराम तिच्याकडे एकटक बघत म्हणाला, "बाय, येवऱ्या जोरान चालवाची कशाला गारी? कोनच्या घाईन?"

"त्या दिवशी मी जोरात नव्हते हो."

"त्या दिशी नसाल. पन सवय ती सवय."

किसन तिला रस्त्यापर्यंत सोडायला आला. बसथांब्यापाशी थांबून म्हणाला, "सायबांचं नाव लावलं असतं तं कंपनीन येव्हाना दिलं असतं. तुमी खरं बोलल्या, बरं वाटलं असंल तुमाला. तुमचा खरंपना आमच्या पायावर परला."

बस आली आणि ती चढली.

अख्तरुन्निसाचे उपचार संपले. अपघातानंतर तिला पुतण्या न्यायचा, बासित, त्याची मोठी गाडी होती. पोलीस तिचा जबाब घ्यायला घरी येऊन गेले होते. आजारी बाईला तासभर बसवून ठेवलं होतं. हारुनभाईंनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही, पण पुढच्या ईदला शीरखुर्म्याचा डबा बासितच्या हाती आला, ते स्वतः आले नाहीत. एकदा लिफ्टमध्ये गाठ पडली. अख्तरुन्निसाचे केस परत येत होते, अगदी बारीक, राखाडी. तिने वैजयंतीचा हात धरून ठेवला. हारुनभाई लिफ्टमधल्या आकड्यांकडे बघत होते. मजला आला, तिने हात सोडला.

डिसेंबरच्या तोंडावर ऋषीचा व्हिडिओ कॉल आला. मागे बर्फ होता आणि बर्फात उभी एक मोठी निळी गाडी. त्याने कॅमेरा फिरवून फिरवून गाडी दाखवली. सुभाष चष्मा पुसून पुसून बघत होता.

"आणि बाबा, इन्शुरन्स इथे जाम महाग असतो, नवीन माणसाला तर रडवतात. पण मी इंडियाचा दाखला दिला ना, क्लीन रेकॉर्डचा. एजंटने भांडून सूट मिळवून दिली. इथे रेकॉर्डला लई व्हॅल्यू आहे."

"वा!" सुभाष म्हणाला.

"आई कुठेय? आई, तुझं ते कोर्टाचं काय झालं गं? मला अजून कळत नाही, लायसन्स नसताना तू गाडी काढलीसच कशाला? तीन महिने तर दम धरायचा होता. इथे असलं काही केलं ना, तर माणूस आयुष्यातून उठतो."

वैजयंती पडद्यासमोर येऊन बसली. मुलगा गोरा झाला होता, गालांवर मांस आलं होतं. 

"बरं ते जाऊ दे," ऋषी म्हणाला. "नाताळात येतोय मी तीन आठवडे. दोन मित्र पण आहेत बरोबर. गोव्याला जाऊन येऊ म्हणतोय. बाबा म्हणाले गाडी विकलीत. मग आम्ही जाणार कसं?"

"भाड्याने घे," वैजयंती म्हणाली.

"अगं, माझं तिकडचं लायसन्स इथे जमा करून घेतलंय, आणि इथलं तिकडे... भाड्याने द्यायला ते लोक पण कटकट करतात. बाबांच्या नावावर घेऊ का?"

सुभाष हो म्हणायला तोंड उघडणार होता. वैजयंतीने त्याच्या हातावर हात ठेवला, घट्ट.

"तुझ्या नावावर घे. कागद तुझा, लायसन्स तुझं. जमत नसेल तर एसटीने जा."

 "आई, तू अजून त्या गोष्टीवर आहेस का? सॉरी म्हटलं ना मी तेव्हा?"

त्याने म्हटलं नव्हतं. तिने आठवून बघितलं. विमानतळावर नाही, आरटीओच्या बाकावर नाही, अपघातानंतरच्या फोनवरही नाही. पण त्याला म्हटल्यासारखं वाटत होतं, आणि तो खोटं बोलत असल्याची खूण त्याच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हती.

"म्हटलं असशील," ती म्हणाली. "थंडीत जास्त वेळ बाहेर उभा राहू नकोस."

ती उठून आत गेली. सुभाष पडद्यावरच्या मुलाला हलक्या आवाजात समजावत होता, तिचं मनावर घेऊ नकोस, वयाप्रमाणे चिडचिड होते, तू ये, मी बघतो गाडीचं.